डावं चाक तसंच आहे

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे, आणि माझा शेवटचा साधा दिवस आसगावच्या मंडईच्या आदल्या दिवशी उजाडला. दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि दूर गेलेल्या लेकी त्या निमित्तानं घरी. मी अंगणात धानाच्या पोत्यांशेजारी उभी होते. माझे मालक परसराम माझ्याच सीटवर बसून चहा पीत होते.

"उतरा आता," त्यांच्या पत्नी मालनबाई ओसरीवरून म्हणाल्या. "जीप कुठी पळून नाही जाऊन राहिली."

"बसू दे वं. उद्या भावनाले आणाले जातो."

"माह्याजवळ नाही बसले कधी एवढे."

"तुले तवाबी बिरेक नव्हते, आताबी नाही," परसराम म्हणाले आणि स्वतःच हसले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. भावना पुण्याला कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, वरठीच्या स्टेशनवरून मी बसनं येईन, तुम्ही एवढ्या लांब कशाला येता. परसराम म्हणाले, "स्टेशनावर उभी राह्यजो. जीपच येते."

एवढंच. त्यानंतरचा एकही दिवस साधा नव्हता.

माझं तरुणपण जंगलाच्या रस्त्यांवर गेलं. मोठे साहेब माझ्यातून फिरले, माझ्या दमाचं कौतुक झालं. मग नव्या गाड्या आल्या आणि मला पवनीच्या एका तांदूळ गिरणीमागे टाकलं गेलं. माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. परसरामांनी मला तिथून उचललं. वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून जन्म काढला होता. निवृत्तीनंतर आसगावात कुणाचा पंप बंद पडला की लोक आधी त्यांच्याकडे येत. त्यांनी नट आवळला की तो पुन्हा कुणी तपासत नसे. गावात त्यांची हीच ओळख होती, आणि त्यांना ती प्यारी होती.

माझे जुने ब्रेक पाण्यातून गेले की लागत नसत. म्हणून त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांना नव्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. पण त्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे तबकडीला चिमट्यासारखा धरणारा जाड तुकडा, माझ्या रिमला आतून घासू लागला. परसरामांनी मालनबाईंच्या परातीतून कणकेचा गोळा आणला, कॅलिपरवर चिकटवला आणि चाक हळूच फिरवलं. कणीक दबून किती उरली ते पाहिलं. कुठे किती जागा कमी पडते ते त्यांना कळलं. मालनबाई म्हणाल्या, "पोळ्या आता जीपच खाईन."

उपाय सरळ होता. चाक आणि ते ज्यावर बसतं त्या हबच्या मध्ये लोखंडाची एकसंध चकती, जिला स्पेसर म्हणतात, ती बसवायची. चाक तेवढं बाहेर येतं आणि घासत नाही. पण चाक बाहेर आलं की बोल्ट आखूड पडतात, म्हणून तेही लांब घालायचे. परसरामांचा खांदा कारखान्यातच दुखावलेला, चाक उचलणं त्यांना जमत नसे. म्हणून त्यांनी मला पवनीच्या नाक्यावर धनंजयच्या गॅरेजात नेलं आणि सगळं समजावून दिलं.

मंडईच्या दिवसांत त्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते. ज्याला त्याला आपली गाडी पाहुण्यांच्या आधी हवी असते. लेथवर चकत्या करून घ्यायला वेळ लागणार होता आणि धनंजयनं होकार देऊन ठेवला होता. त्यानं डब्यातून मूठभर वायसर, म्हणजे नटाखाली घालायच्या पातळ कड्या, काढले, माझ्या त्याच आखूड बोल्टांवर एकावर एक रचले, त्यावर चाक चढवलं आणि नट फिरवले. नटांना जेमतेम टोकाचे आटे मिळाले. मग तो स्वतःशीच म्हणाला, "चाकाच्या मांगं कोण पाह्यते!"

मी पाहत होते. माझ्या अंगावरच तर चाललं होतं.

परसराम आले. "चकत्या लेथवरच्या बसवल्या ना?"

"हो काका. एकसंध. बोल्टबी लांब. तुमच्यासंग खोटं बोलून मी कुठी जाईन?"

परसरामांनी स्वतःच्या पान्यानं एकेक नट आवळून पाहिला. सगळे घट्ट होते. वायसरांची चळत सुरुवातीला घट्टच लागते. रस्त्याचे हिसके बसले की ती जागा सोडते.

भावनाच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी ते वरठीला निघाले. नवा शर्ट घातला होता. पुढे रस्त्याला डावीकडे मोठं वळण आहे. वळणावर सगळा भार माझ्या उजव्या चाकावर आला, आणि ते निघालं. माझंच चाक माझ्या पुढे पळताना मी पाहिलं, मित्रांनो. त्यानंतर बाभळीचं झाड पाहिलं. परसरामांचा हात शेवटपर्यंत स्टिअरिंगवर होता. भावना तिकडे स्टेशनवर उभी होती.

लोक जमले तेव्हा रस्त्यावर वायसर विखुरले होते. धनंजयही आला. त्यानं ते पाहिले आणि जराही न अडखळता म्हणाला, "अरेरे! काकानं घरी उजवं चाक उघडलं वाटते. माह्या चकत्या काढून वायसर भरले. डावं पाहा, डावं माह्या हातचं हाय. कसं सलामत हाय!"

परसरामांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्या स्मरणाला जमलेल्या लोकांसमोर, मांडवात त्यानं हेच पुन्हा सांगितलं, डोळे पुसत. लोकांनी माना हलवल्या. "नाद नडला म्हाताऱ्याले," कुणी तरी म्हणालं. "एवढा मोठा फिटर, आन् वायसर?" मालनबाईंनी ते ऐकलं आणि पदर तोंडाशी धरला. ज्याच्या हाताला गावात नाव होतं, त्याचाच हात त्याला मारून गेला, असं आता गाव म्हणणार होतं. भावनानं धनंजयला चहा दिला. घरी आल्यापासून ती कुणाशीच फार बोलली नव्हती.

पण मी तुम्हाला माझ्याबद्दल सांगते. जुन्या वस्तू फार क्षमाशील असतात, असं तुम्ही ऐकलं असेल. मी नाही. गिरणीमागची वर्षं मी सोडून दिली, कोंबड्यांनाही माफ केलं. धनंजयला नाही. अंगणात वाकड्या तोंडानं उभी असताना मी रोज एकच मागणं मागत होते: एकदा त्याला माझ्यात बसवा. एकच वळण द्या. उरलेलं मी पाहते.

एका सकाळी भावना बॅटरी घेऊन माझ्या डाव्या चाकाशी मातीत पालथी झोपली. रिम आणि हबच्या फटीतून तिनं आत उजेड टाकला. तिच्या काकांचा मुलगा अनुप शेजारी उकिडवा बसला होता.

"काय दिसून राहिलं, ताई?"

"तू पाहा."

अनुपनं पाहिलं आणि शिवी हासडली. "इथीबी वायसरच! चाल, चाक काढू अन् त्याच्या तोंडावर फेकू."

"काढायचं नाही," भावना म्हणाली. "आपण उघडलं की तो म्हणेल, यांनीच भरले. नटाला हातसुद्धा लावू नकोस. उजवी बाजू मात्र नीट करून घे. चकती लेथवरून, बोल्ट लांब, बाबांनी सांगितलं होतं तसं."

अनुप कुरकुरतच उठला. मला मात्र तिचा बेत तेव्हाच कळला. तिचा आवाज थंड होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

उजवी बाजू दुसरीकडून दुरुस्त झाली. मग अनुपच्या ट्रॅक्टरला बांधून, माणसाच्या चालीनं, मला पवनीला नेलं. गॅरेजात गर्दी होती. लोक स्टुलांवर, टायरांवर बसले होते. भावनानं दोर सोडवला, स्टिअरिंगवर बसली आणि मला चालू केलं.

"धनंजयभाऊ, बाबांची जीप झाली," ती म्हणाली. "चला, एक फेरी मारून येऊ. त्या वळणापर्यंत."

"अरे वा, ताई! मस्त झाली." तो हात पुसत आला.

"उजवं चाक नवीन केलं. डावं तसंच आहे. तुमच्या हातचं. नट हलवला नाही." तिनं शेजारच्या सीटवर थाप मारली. "डाव्या बाजूला बसा."

त्याचे पाय थांबले.

"आता… गिऱ्हाईक हायेत ना, ताई."

"आमाले घाई नाही," टायरावरचा एक म्हातारा म्हणाला. "जाय ना, ये जाऊन."

"बस ना बे," दुसरा म्हणाला. "तूच त सांगे, डावं सलामत हाय म्हणून."

बस, मी म्हणत होते. माझं इंजिन थरथरत होतं. बस रे. तुझ्या चळतीवर मीही जाते, माझं काय राहिलंय. भावनाचा पाय क्लचवर होता आणि ती हसत नव्हती. तो बसला असता तर तिनं मला नेलं असतं. मी शपथेवर सांगते, तिनं नेलं असतं.

धनंजय माझ्या डाव्या चाकाकडे बघत होता. "ताई, थांबा," तो म्हणाला. "जीप बंद करा. थे चाक… थे निघन."

कवडू नावाचा एकजण आपली मोटारसायकल दुरुस्तीला घेऊन आला होता. त्यानं स्टँड काढला आणि ती ढकलत निमूट बाहेर नेली. त्याच्यामागे दुसरा उठला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी तुम्हाला सांगायचं असतं की वस्तूंची काळजी घ्या. घ्याच. चाकाच्या मागे वाकून पाहा. पण कुणी तुमच्या माणसाला मारून वर त्याचंच नाव खराब करत असेल, तर त्याला चहा पाजून सोडू नका.

भावनानं मला बंद केलं. खाली उतरून ती धनंजयच्या अगदी समोर उभी राहिली. इतके दिवस पुण्याच्या शुद्ध भाषेत गप्प असलेली ती पोरगी पहिल्यांदा आपल्या बापाच्या बोलीत बोलली, रस्त्यापलीकडच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"माह्या बाबाले तुमी मारलं, भाऊ. आन् मी तुमाले माफ नाही करत."