बिनखिळ्याचा पलंग

अहिल्याने हातातला मॅग्नेटचा मासा सोडला, पण तो खाली पडलाच नाही. पलंगाच्या खांबाला, उशीकडच्या सांध्याखाली, तसाच चिकटून राहिला.

"आई, लुक! फिश पडतच नाही."

नेत्राने घडी घालायला घेतलेला फ्रॉक खाली ठेवला. मासा काढला, पुन्हा लावला. टक्. मग तो उरलेल्या खांबांवरून हळूहळू फिरवला. प्रत्येक सांध्यापाशी तो टक् करून बसला.

अहिल्याच्या या पलंगात लोखंड नव्हतं. मोरितासान या जपानी सुतारांनी तो नेत्रासमोर जोडला होता, सिअ‍ॅटलमधल्या त्यांच्या चिंचोळ्या वर्कशॉपमध्ये. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, वर लाकडाचीच पाचर. त्यांच्या रंध्यातून निघालेली लाकडाची ढलपी इतकी पातळ होती, की अहिल्या ती डोळ्यांवर धरून आरपार त्यांच्याकडे बघून हसली होती. सांधा बसला की नाही, हे ते टिचकी मारून, कान लावून ठरवत. "तुटणार नाही ना?" असं नेत्राने परत परत विचारल्यावर सत्तरी उलटलेला तो माणूस स्वतःच पलंगावर चढून मांडी घालून बसला आणि शांतपणे चहा प्यायला.

"पहिलं वर्ष कुरकुरेल," निघताना ते म्हणाले होते. "लाकूड तुमच्या घराची हवा ओळखत असतं. पाचर हलकेच ठोका. खिळा मात्र नको. खिळा त्याला हलू देत नाही." आणि त्यांनी तिच्या हातात एक छोटी लाकडी हातोडी ठेवली.

पलंग कुरकुरला. नेत्रा ठोकायची, आणि तरी उठून उठून खांब हलवून बघायची. मग ती बहिणीकडे वेस्ट विंडसरला जाऊन आली, तर आवाज थांबलेला.

"बघ, आजोबा बरोबर होते," तिचा नवरा परीक्षित म्हणाला होता. "आपोआप बसलं."

त्या दिवसापासून तिने खांब हलवणं सोडलं. बेसनाचे लाडू घेऊन ती मोरितासानना सांगायला गेली. लाडू हातात धरून ते क्षणभर थांबले होते. "इतक्या लवकर?" मग कमरेत वाकून म्हणाले, "घर चांगलं असेल."

आता नेत्राने मासा चिकटला होता तिथे नखाने खरवडलं. रंगवलेली पुट्टी निघाली, आत स्क्रूचं डोकं चमकलं.

"परीक्षित!"

तो हेडफोन गळ्यात अडकवत आला. त्याने आधी माशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"यार नेत्रा, तू झोपत नव्हतीस. मी फक्त सेफ केलं."

"आपोआप बसलं म्हणालास."

"मग काय सांगणार होतो? सांगितलं असतं तर म्हाताऱ्याच्या कलेचा अपमान केला म्हणून रडली असतीस. झोप लागली ना तुला? मग झालं तर." तो जरा हसला. "अहिल्याची कारसीट मीच लावतो, तेव्हा बरा ठेवतेस विश्वास."

"मी लाडू घेऊन गेले होते त्यांच्याकडे."

"अगं, लाडूच तर..."

"ते वळायला बसला होतास माझ्याबरोबर."

त्याने गळ्यातला हेडफोन काढून हातात घेतला.

"स्क्रू ड्रायव्हर आण."

"आत्ता? तिची नॅपची वेळ झालीये."

"आण."

तिने एकेक स्क्रू काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. ड्रॉवरमधून ती हातोडी घेतली. पाचरीवर हलकेच ठोकत राहिली. आवाज आधी बद्द होता, मग हळूहळू खणखणीत होत गेला. भोकं मात्र तशीच दिसत होती. ती मोरितासानना दाखवावी लागणार होती.

सवयीने तिचा हात खांबावर गेला. तिने तो काढून घेतला. अहिल्याला उचलून पलंगावर निजवलं.

"अगं, एकदा हलवून तरी बघ," परीक्षित म्हणाला.

नेत्राने पांघरूण सारखं केलं, अहिल्याच्या मुठीतला मासा सोडवून उशाशी ठेवला. मग परीक्षितच्या बाजूने खोलीबाहेर पडली, जिना उतरली आणि अनवाणीच गॅरेजमध्ये गेली. गाडीचं मागचं दार उघडून तिने कारसीट दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि हलवून बघू लागली.