दोनचा रकाना

सकाळी कामावर आल्यावर आक्का आधी भिंतीवरच्या फळ्याकडे बघायची आणि मग रुग्णांकडे. क्रम उलटा आहे हे तिलाही कळत होतं. पण एकदा अंगवळणी पडलं की माणसाला कशाचंच काही वाटेनासं होतं, तसं तिचं झालं होतं.

आक्का त्या चाळीस खाटांच्या खासगी इस्पितळात शस्त्रक्रिया वॉर्डाची मुख्य परिचारिका होती. नोकरीला सव्वीस वर्षं झालेली. तिने नुसता कपाळाला हात लावून ताप सांगावा आणि थर्मामीटरने मागाहून तेच म्हणावं, अशी तिची ख्याती. फळा मात्र पाच वर्षांपूर्वीचा. दर चार तासांनी रुग्णाची नाडी, रक्तदाब आणि ताप मोजायचा, खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर लिहायचा, हा नियम जुनाच होता. नवं एवढंच, की सगळे तक्ते वेळेवर भरले तर वॉर्डाच्या नावापुढे हिरवा ठिपका आणि एक जरी राहिला तर लाल. ही कल्पना व्यवस्थापकांची. ते पावसापाण्याबद्दलही टक्क्यांत बोलत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना टक्केसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. मालक त्याला टक्के विचारत आणि तो खालच्यांना विचारत होता, इतकंच.

फळा आला त्याच वर्षी वॉर्डातल्या दोघी परिचारिका सोडून गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. चौघींचं काम दोघी करू लागल्या. एका दुपारी एका म्हाताऱ्याला धाप लागली. आक्का अर्धा तास त्याला धरून बसली. म्हातारा वाचला, पण सहा तक्ते उशिरा भरले गेले आणि लाल ठिपका पडला. बैठकीत सगळ्यांदेखत टक्केसाहेब म्हणाले, "आक्का, तुमच्यामुळे आपण ब्याण्णव टक्क्यांवर घसरलो." वाचलेल्या म्हाताऱ्याची नोंद करायला फळ्यावर जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आक्काने पुढच्या वेळेचे आकडे आधीच भरून ठेवले. सुरुवातीला फक्त ठणठणीत असलेल्यांचे. महिन्याभराने बऱ्यापैकी असलेल्यांचे. मग सरसकट सगळ्यांचे. पुढे कुणाच्या जागी नव्या मुली आल्या की ती त्यांना बाजूला घेऊन सांगायची, "आकडे जरा खालीवर लिहा गं. सगळीकडे एकशेवीस-ऐंशी दिसलं तर आंधळ्यालाही कळेल." ही खोटी विद्या ती इतक्या मायेने शिकवायची, की पोरींना ते कामातलं कसबच वाटायचं. शेजारच्या वॉर्डांनीही तिचंच पाहून गिरवलं, आणि सगळं इस्पितळ हिरवंगार झालं.

त्या गुरुवारी बाहेरची तपासणी समिती येणार होती, आणि बारा नंबरच्या खाटेवर आक्काची थोरली नणंद होती. आदल्या दिवशी तिचं पित्ताशय काढलं होतं. वन्सं शिवणकाम करायच्या, मागच्याच गल्लीत एकट्या राहायच्या. भावाने मोठ्या इस्पितळाचं नाव काढलं तेव्हा त्यांनी साफ सांगितलं होतं, "मला नको ते मोठं. मी वहिनीच्या नजरेसमोर पडून राहीन."

सकाळी आक्का खाटेशी गेली तेव्हा वन्सं चांगल्या हुशारीत होत्या.

"तुझ्या डॉक्टरचे टाके बघितलेस का? वाकडे गेलेत. पाठव त्याला माझ्याकडे शिकायला."

"वन्सं, ते पोट आहे, ब्लाउजची पाठ नाही."

"म्हणून तर म्हणते. ब्लाउज उसवला तर गिऱ्हाईक भांडायला तरी परत येतं."

दोघी हसल्या. शेजारच्या खाटेवरची बाईही पोट धरून हसली.

साडेनऊला धाकटी आली. धाकटी म्हणजे आठ महिन्यांपूर्वी लागलेली परिचारिका, वॉर्डात वयाने सगळ्यांत लहान. "आक्का, दहाचं मोजायला घेऊ का?"

"आज? अजून निम्म्या चादरी बदलायच्यात, औषधांचं कपाट लावायचंय. साडेबाराला मंडळी दारात उभी राहतील. दहाचं आणि दोनचं दोन्ही भरून टाक."

धाकटी घुटमळली. "बारा नंबरचं पण?"

हा प्रश्न पोरीने का विचारला हे आक्काला नेमकं कळलं होतं. पण आपलं माणूस म्हणून एकटीचंच मोजायचं, तर बाकीचे कोण, हाही विचार मनात आला, आणि त्याचं उत्तर शोधायला त्या सकाळी तिला सवड नव्हती.

"वन्सं माझ्या डोळ्यांसमोर आहेत," ती म्हणाली. "भर."

अकराच्या सुमाराला धाकटीने येऊन सांगितलं, "आक्का, तुमच्या वन्संना गरगरतंय म्हणतात." आक्का पडदे नीट करत होती. ती खाटेशी गेली. वन्संचा चेहरा उतरला होता, पण आक्काचे डोळे आधी तक्त्यावर गेले. दहाच्या रकान्यात नाडी शहात्तर, रक्तदाब एकशेअठरा-ऐंशी. हे कुणी मोजलेलं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही ते वाचून तिला हायसं वाटलं. आपणच उठवलेली आवई ऐकून आपणच निर्धास्त व्हावं, तसली ही गोष्ट. "रात्री झोप झाली नसेल," ती म्हणाली. "पडून राहा जरा."

समिती वॉर्डात आली तेव्हा दीड वाजला होता. चार शिकलेली माणसं, बरोबर टक्केसाहेब. त्यांतल्या एका डॉक्टरांनी सहज म्हणून बारा नंबरचा तक्ता उचलला. दीड वाजता त्या तक्त्यावर दोनचा रकाना भरलेला होता. डॉक्टरांनी तो वाचला, बाकीच्यांना दाखवला. चौघांनी माना डोलावल्या. "अक्षर छान आहे हो. एकही जागा कोरी नाही." कुणीही मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं नाही. आक्काचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पाणी दे गं. फार तहान लागलीय. आणि पंखा बंद कर, थंडी वाजते."

शस्त्रक्रिया झालेल्या बाईला अशी तहान लागते, अंग गार पडतं, तेव्हा आत काय चाललेलं असतं हे आक्काला झोपेतही सांगता आलं असतं. सव्वीस वर्षांत तिने दुसऱ्यांच्या किती आयाबहिणींना अशा वेळी ओळखून वाचवलं होतं. पण समोर पाहुणे होते, आणि तक्ता अजून डॉक्टरांच्या हातात होता.

"जरा थांबा वन्सं," ती हळूच म्हणाली. "मंडळी जाऊ देत."

मंडळी गेली. टक्केसाहेबांनी आक्काला चहाला बोलावलं, तिच्या वॉर्डाचं कौतुक झालं. ती परतली तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि धाकटी बारा नंबरपाशी उभी राहून वन्संना हलवून बघत होती. वन्सं हाकेला ओ देत नव्हत्या. नाडी बोटाला लागत नव्हती. पोटात सकाळपासून रक्त साचत होतं. धावत शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं, पण ते वरातीमागून घोडं ठरलं. साडेचारला डॉक्टर बाहेर आले आणि आक्काकडे न बघता निघून गेले. पहाटे सहानंतर पावणेतीनपर्यंत एकाही माणसाचं बोट त्या बाईच्या मनगटाला लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी टक्केसाहेबांनी आक्काला खोलीत बोलावलं. त्यांचेही डोळे लाल होते. "फार वाईट झालं, आक्का. पण तक्ते चोख आहेत. अचानक झालं, असं लिहू. समितीनेही तोच तक्ता नमुना म्हणून मागून नेलाय." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि कुणी फारच खोलात गेलं तर ती मुलगी नवीन आहे. चुकली म्हणता येईल."

"ती चुकली नाही साहेब. मी शिकवलं ते तिने बरोबर केलं."

आक्काने घडी केलेले दोन कागद टेबलावर ठेवले. पाच वर्षं तक्ते कसे भरले जातात, कुणी सुरू केलं, कुणी कुणाला शिकवलं, सगळं तिने स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली होती. टक्केसाहेब वाचत गेले तसा त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हे बाहेर गेलं तर इस्पितळाला टाळं लागेल. तुमची नोकरी जाईल. तुरुंगसुद्धा लागेल कदाचित."

"लागू दे. एक प्रत सकाळीच समितीला पाठवलीय. आणि वॉर्डात आजपासून पोरी मोजतील तेवढंच लिहितील. जे जमणार नाही ते कोरं राहील. कोरं दिसलं म्हणजे तरी तुम्ही माणसं द्याल." दाराशी जाऊन ती वळली. "तुम्हाला मी दोष देत नाही. तुम्ही टक्के मागितलेत. खोटे मी दिले."

इथवर तिने सगळं खंबीरपणे केलं. घरी मात्र नवरा होता.

बहीण गेल्यापासून त्याने तिला एक शब्द विचारला नव्हता. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत होता, "ताईचं नशीब, शेवटी घरचं माणूस जवळ होतं." ते ऐकताना आक्काला भाजल्यासारखं व्हायचं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून तिने त्याला सगळं सांगितलं. साडेनऊचा धाकटीचा प्रश्न, दोनचा रकाना, आणि पाणी. काही वगळलं नाही.

तो ओट्याला टेकला.

"तिने पाणी मागितलं?"

"हो."

"आणि तू थांबा म्हणालीस."

"हो."

तो ओरडेल, हात उगारेल, निदान रडेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्याने फक्त तोंडावरून हात फिरवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "ताई आपली होती, म्हणून हे तुला कळलं. पाच वर्षांत असे आणखी किती गेले?"

आक्काने उत्तर द्यायला तोंड उघडलं. खाटा आठवल्या, चेहरे आठवले, रात्रीतून रिकाम्या झालेल्या खाटा आठवल्या. ती एकेकाचा तक्ता मनात चाळून बघत राहिली.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "सगळ्यांचे आकडे चांगलेच होते."