फाटकावरचं हलकं काम

मिस्त्रीचं हृदय बंद पडलं बसडेपोत, आणि खटला चालला तो त्याच्या बायकोच्या स्वयंपाकघरावर. भेटायला येणारा जो तो आधी आजाऱ्याकडे बघायचा, मग ओट्याकडे. सासूबाईंनी तर तेलाची बरणीच उजेडात धरली आणि म्हणाल्या, ही इतक्या लवकर तळाला जाते, मग माझ्या पोराचं दुसरं काय होणार. सुनेच्या मांडीवर लेक पेंगत होती. भांडायला तरी हात कुठे मोकळे होते?

झालं होतं ते असं. थंडीत डेपोतल्या साऱ्या बस सकाळी एकदमच सुरू करून ठेवायच्या, आणि गारठा नको म्हणून शेडची दारं ओढून घ्यायची. त्या दिवशी बाहेरही धुराने शहराचा गळा धरला होता. शाळासुद्धा बंद ठेवल्या होत्या. मिस्त्री बसखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यातून वर आला आणि पोतं कलंडावं तसा पडला. लंब्या ड्रायव्हरने रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत ठेवली, आलेल्यांनी विजेचा झटका दिला, म्हणून माणूस हाती लागला.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. रक्ताच्या नळ्या फारशा तुंबल्या नव्हत्या, हृदयाचा ठेकाच चुकला होता. धुरातली अगदी बारीक काजळी फुप्फुसावाटे रक्तात उतरते, आणि हवा फार बिघडली की हृदय अचानक बंद पडण्याचा धोका वाढतो, त्याच दिवशी सुद्धा. एखाद्याचं त्यानेच बंद पडलं असं मात्र छातीठोक सांगता येत नाही. सासूबाईंनी तेवढंच उचललं. "सांगता येत नाही, म्हणजे तेलच."

मग फळांची पिशवी घेऊन डेपोचे साहेब आले. त्यांनीही तळण कमी करा म्हणून सांगितलं आणि मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. आता खड्ड्यात उतरायचं नाही. फाटकावरच्या खोपटात खुर्ची टाकून बसायचं, बाहेर पडणाऱ्या गाड्या वहीत टिपायच्या. हलकं काम. मिस्त्रीचे डोळे भरून आले.

तिने विचारलं, फाटकावर थांबलेल्या गाड्या इंजिन बंद करतात का?

"वहिनी, सगळी इंजिनं बंद केली तर डेपोलाच झटका द्यावा लागेल," साहेब म्हणाले. सगळे हसले. नवराही हसला. तिला लागलं ते त्याचं हसणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला आजीच्या हवाली करून ती डेपोवर गेली. खोपटाची खिडकी नेमकी गाड्यांच्या धुराच्या नळकांड्यासमोर. भिंतीला बोट लावलं तर बोट काळं. गाडी येऊन थांबायची, भकभक करत राहायची, मागून दुसरी. तिचा घसा सोलल्यासारखा झाला. आतला म्हातारा पहारेकरी खोकत खोकत म्हणाला, सवय होते हो.

तेवढ्यात साहेबांची मोटार आली, काचा वर चढवलेली. ती सरळ मोटारीच्या आडवी उभी राहिली.

"साहेब, माझ्या घरी बसून तुम्ही माझं तेल काढलंत. आता या खोपटात बसा. या गाड्या सुटेपर्यंतच. दार मी लावून घेते."

साहेबांना मीटिंग होती. पण लंब्याने आपल्या बसच्या खिडकीतून मान बाहेर काढून अदबीने म्हटलं, बसा की साहेब, हलकं काम आहे. चार माणसं बघत होती, बसावं लागलं. दोन गाड्या गेल्या आणि साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले. म्हणाले, धुराचं काहीतरी करू, वरून मंजुरी आली की.

"मग मंजुरी आली की तो येईल," ती म्हणाली. "तोवर येणार नाही."

बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. मिस्त्री पांढराफटक होऊन बसला होता.

"चारचौघांत अब्रू घेतलीस. नोकरी घालवलीस माझी."

"घालवली," ती म्हणाली. "ती दुसरी मिळेल."

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. लेक त्याच्या पाठीवर चढून कान ओढू लागली, तरी वळला नाही. बायकोचा राग तसूभरही उतरला नव्हता. तिने पोळपाट पुढे ओढला आणि त्याच रागाने त्याच्या वाटणीच्या पोळ्या लाटायला घेतल्या.