कामिदाईतलं दुसरं घर

ओकुनेझावा हे गाव नकाशावर तळहाताएवढं दिसतं. प्रत्यक्षात तोक्योतले दोन-तीन वॉर्ड त्यात सहज मावतील, आणि माणसं मात्र हजारभर. बाकी सगळा डोंगर, झाडी आणि अस्वलं. एका नदीच्या काठाने चढत गेलेल्या पाच वाड्या आहेत आणि सगळ्यात वरची आमची कामिदाई. तिच्यापुढे रस्ता नाही. नुसती खिंड आहे, तीही वर्षातले सहा महिने बर्फाखाली.

या एवढ्या पसाऱ्याचा कारभार सगळ्यात खालच्या वाडीतल्या दुमजली कचेरीतून चालतो. हिवाळा आला की कचेरीपुढे एकच प्रश्न असतो, बर्फ काढायचं यंत्र कुठपर्यंत पाठवायचं. नियम साधा आहे. ज्या वाडीत हिवाळाभर निदान दोन घरं नांदती असतील, तिथपर्यंत रस्ता मोकळा ठेवायचा. एकच घर उरलं, तर यंत्र खालच्या वाडीतून परत फिरतं आणि त्या घरातल्या माणसाने मार्च संपेपर्यंत कचेरीशेजारच्या हिवाळी निवासात येऊन राहायचं. निवास झकास आहे. गरम पाणी, जेवण, दवाखाना, सगळं हाताशी. तरी तिथे हसत हसत गेलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

कामिदाईत उरल्या होत्या एकट्या तोमी-सान, वय ब्याऐंशी. त्यांचे शेजारी गेल्या वर्षी मुलीकडे शहरात राहायला गेले आणि त्यांच्या रिकाम्या घरात एप्रिलमध्ये आम्ही येऊन पडलो. आम्ही म्हणजे मी, स्वप्ना, आणि माझा नवरा सत्यजित. तोक्योतल्या हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये अकरा वर्षं काढल्यावर सत्यजितच्या कंपनीने कायमचं घरून काम करायची मुभा दिली आणि सह्याद्रीतले गड पालथे घातलेल्या या गृहस्थाला डोंगराने हाक मारली. मला काही डोंगराने हाक-बिक मारली नव्हती. मी उन्हाळ्यापुरती आले होते. बर्फ पडायच्या आत परत जायचं, असं ठरवून फ्लॅटही ठेवला होता.

पण उन्हाळा तोमी-साननी ताब्यात घेतला. पहिल्याच आठवड्यात त्या मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात आल्या, माझ्या हातातला कोयता बघून म्हणाल्या, "असा धरलास तर बोटं जातील," आणि मला शेतात घेऊन गेल्या. तेव्हापासून रोज नवं काम. हे खुरप, ते वाळत घाल, पाला दोनदा धू, लोणच्यात मीठ अजून घाल. सत्यजितला तर त्या माणसांत धरतच नसत. "त्याला उन्हात उभा करू नकोस, विरघळेल," असं म्हणायच्या. संध्याकाळी माझी कंबर धरलेली असायची आणि मी सत्यजितपाशी कुरकुरायचे. तो म्हणायचा, "सांग ना मग त्यांना, नाही जमत म्हणून." मी काही सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी कचेरीतले नाकाजिमा-सान वरच्या वाड्यांची बैठक घ्यायला आले. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला. यंत्राचा रस्ता लाल रंगात होता आणि शेवटचा तुकडा, कामिदाईचा, पेन्सिलने काढलेला होता. आम्ही राहणार की जाणार, एवढंच त्यांना हवं होतं. सगळे आमच्याकडे न बघता आमच्याकडे बघत होते. आम्ही गेलो तर तोमी-सानना घर सोडावं लागणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एकही हिवाळा दुसरीकडे काढला नव्हता.

आदल्या रात्री आमचं बोलणं झालं होतं. सत्यजित उठला आणि आपल्या सरळ साध्या जपानीत म्हणाला, "आम्ही जाणार होतो. पण तोमी-सान आम्हाला आईसारख्या आहेत. केवळ त्यांच्यासाठी आम्ही हा हिवाळा इथे काढणार आहोत."

आपल्याकडे भरल्या सभेत कुणी असं बोललं असतं, तर म्हातारीने डोळ्यांना पदर लावला असता आणि पुढची दहा वर्षं ती गोष्ट गावाला ऐकवली असती. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याचा एवढा अभिमान मला फार क्वचित वाटतो. इथे मात्र तसं काही झालं नाही. तोमी-सान खाली चटईवर बसल्या होत्या. त्यांनी कपाळ टेकेल इतकं वाकून आम्हाला नमस्कार केला आणि बराच वेळ वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारात तांदळाची पिशवी आली. मग मुळे, मग वाळवलेली पर्सिमनची फळं, मग त्यांच्या नवऱ्याचे जवळजवळ नवे गमबूट. आणायच्या त्या पुढच्या दाराने, बेल वाजवून, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून आदबीने आभार मानायच्या. आत या म्हटलं तरी यायच्या नाहीत. शेतात गेले तर म्हणायच्या, "राहू दे, मी करते. तुम्हाला आधीच केवढा त्रास." मला वाटलं, थकल्या असतील. आपला तर्क नेमका तिथेच धावतो, जिथे आपल्याला काही करावं लागत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर एके सकाळी कचेरीची गाडी आली आणि तोमी-सान चांगले कपडे करून एक छोटी पिशवी घेऊन त्यात बसल्या. मला मिठाईचा डबा दिला. "आता तुम्ही निश्चिंतपणे तोक्योला जा," म्हणाल्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी मी तो डबा हातात धरून उभीच होते.

मग मात्र माझं डोकं फिरलं. फोन करून मी नाकाजिमा-सानना विचारलं, की तुम्ही त्यांना जबरदस्तीने नेलंत का. बिचारे अडखळले. "नाही हो. त्या स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, दोन तरुण माणसांचा अख्खा हिवाळा माझ्यापायी चाललाय. याची परतफेड मी या वयात कशाने करू?"

मी फोन ठेवून सत्यजितकडे बघितलं. "मी चांगलंच बोललो होतो," तो म्हणाला.

"चांगलंच बोललास रे," मी म्हटलं. "इतकं चांगलं, की बिचारीला घर सोडून जावं लागलं."

आम्ही प्रेमाने दिलं आणि त्यांच्या डोक्यावर डोंगर ठेवला. आता उपाय काय, तर सत्यजितच्या मते थाप मारायची. "सांग, आम्हालाच बर्फ फार आवडतो म्हणून." दुसरं काही सुचत नव्हतं. खाली उतरताना गाडीत मी ते वाक्य जपानीत घोकत गेले.

निवासातली खोली उबदार होती. तोमी-सान टीव्हीपुढे बसल्या होत्या, टीव्ही बंद होता. हात मांडीवर रिकामे. त्या हातांना रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आम्हाला इथेच राहायचंय," मी सुरुवात केली. "आम्हाला बर्फ फार आवडतो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खरंच?"

घोकलेलं सगळं तिथेच संपलं. "नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही. आत्ताच माझी बोटं दुखतात. छपरावरचा बर्फ काढताना कुणी पडलं तर काय, याची भीती वाटते."

"मग जा की तोक्योला."

"तोक्योत मला कुणी काम सांगत नाही," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला कळलं की हेच खरं आहे. "अकरा वर्षं झाली घर सोडून. तिथे सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात. फोन करून येतात, वेळेवर जातात. 'अगं, हे असं करतात का' असं म्हणणारं कुणी मोठं माणूस नाही. माझी आई होती, ती गेली. इथे तुम्ही मागच्या दाराने येता आणि ओरडता. मला ते हवंय. मी तुमच्यासाठी राहत नाहीये, तोमी-सान. सत्यजित उगाच तसं बोलला. मी माझ्यासाठी राहतेय, आणि तुम्ही वर नसाल तर मला राहता येत नाही. रस्ताच बंद होईल. मी तुमच्याकडे मागायला आलेय."

आणि मी रडायला लागले. जपानमध्ये परक्या माणसापुढे असं रडत नाहीत, हे मला माहीत होतं. थांबता मात्र येत नव्हतं. तोमी-साननी पाठीवर हात ठेवला नाही. त्यांनी विचारलं, "मुळे पुरलेस का?"

"कुठले?"

"मी दिलेले. जमिनीत पुरून ठेवायचे असतात, बर्फ पडायच्या आधी."

"ओसरीवरच आहेत."

"ओसरीवर," त्या म्हणाल्या. "गोठून दगड होतील. आणि बर्फ अडवायला खिडक्यांना फळ्या?"

"नाही ठोकल्या अजून."

"इतके दिवस दोघं काय करत होतात?"

त्या गुडघ्यावर हात रोवून उठल्या, कोट घातला, कपाटातून पिशवी काढली. दारापाशी जाऊन बूट चढवताना त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. नुसती पिशवी माझ्या दिशेने सरकवली.

"रडून झालं असेल, तर ही धर," त्या म्हणाल्या.