उजव्या कुशीचं दार

बर्फाची सतरावी लादी भरडणीच्या तोंडात ढकलताना विनेशच्या खिशातला फोन थरथरला. त्याने लक्ष दिलं नाही. जेटीला तीन होड्या लागल्या होत्या, खलाशी टोपल्या आपटत बर्फासाठी ओरडत होते, आणि रविवारी कारखान्यात विनेशखेरीज कुणी नसतं. हात पुसून त्याने फोन उघडला तेव्हा अकरा वाजून गेले होते. निरोप दोन तासांपूर्वीचा होता.

‘दादा, दिवेआगरला आलोय. तुझं हडसन पूर्ण झालं, आता तुला भेटल्याशिवाय पालीला परत जात नाही. कोळीवाड्यात घर विचारत येतो. तुझा कान्हा.’

हा निरोप विनेशला नव्हताच. तो होता प्रीतमला, आणि प्रीतम, विनेशचा धाकटा भाऊ, पाच वर्षांपूर्वी समुद्रात बुडाला होता. भरडणी चालूच ठेवून विनेश घराकडे पळत सुटला. मागून खलाशी शिव्या घालत राहिले.

कान्हाचं पालीला झेरॉक्सचं दुकान. विनेशने त्याला कधी पाहिलं नव्हतं, प्रीतमनेही नाही. ओळख सगळी फोनवरच्या एका खेळातली. पंख, चाकं, इंजिनं, पत्र्याचे तुकडे जोडून विमान बांधायचं, ते उडवून बघायचं आणि जगभरच्या खेळाडूंपुढे मांडायचं, असा तो खेळ. त्यातही एक हटवादी जमात असते, फक्त इतिहासातली खरी विमानं बांधणारी. विमानाचा जुना नकाशा पडद्यावर मागे लावायचा आणि त्याबरहुकूम एकेक पत्रा बसवायचा. पंखाचा कोन जरा कमीजास्त झाला तरी सातासमुद्रापलीकडून कुणीतरी येऊन कान उपटतो. प्रीतम या जमातीतला. होडीवरून आला, आंघोळ केली, की फोन घेऊन ओटीवर. विनेश त्याची यथेच्छ टिंगल करायचा. “होडी धड वळवता येत न्हाय, नि विमाना उडवतंय,” म्हणायचा.

प्रीतमला हे खूळ लागायला कारण होतं. कोळीवाड्यासमोर, पाच वाव म्हणजे तीसेक फूट पाण्यात, महायुद्धातलं एक विमान पडलेलं आहे असं तीन पिढ्या सांगत आल्या. डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही. पण तिथे गेलेलं जाळं फाटतंच, आणि आज्याच्या जाळ्यात एकदा रिबिटांची ओळ असलेला वाकडा पत्रा आला होता. तो अजून कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकलेला आहे. प्रीतमने त्या पत्र्याचे फोटो खेळातल्या लोकांना दाखवले. महिनाभर वादावादी झाली आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की हे हडसन जातीचं, दोन इंजिनांचं विमान असावं. खरंखोटं देव जाणे. प्रीतमने मात्र दुसऱ्याच दिवशी बांधायला घेतलं. शेपटीपर्यंत आला होता. मग जूनमध्ये वादळ झालं, आणि सप्टेंबरात तो गेला.

देह मिळाला नाही. म्हणून नीराबाईने, त्याच्या आईने, त्याच्या फोटोला हार घातला नाही, आणि सुनेला, दिपालीला, गळ्यातलं मंगळसूत्र काढू दिलं नाही. “देह दावा, मंग काढू,” एवढंच ती म्हणाली. त्यापुढे तिच्याशी वाद घालायची कोळीवाड्यात कुणाची छाती झाली नाही.

अकराव्या दिवशी प्रीतमचा फोन वाजला होता. घरी चार्जिंगला लावलेला तसाच राहिलेला फोन. कान्हाने विचारलं होतं, ‘दादा, शेपटीचं काय झालं?’ विनेश ते अक्षरन् अक्षर बघत बसला. मेला असं लिहायला बोट उठेना. त्याने लिहिलं, ‘चालू आहे.’ आणि मग ते खरं करणं भाग पडलं.

ज्याने आयुष्यात खेळ म्हणून पत्तासुद्धा हातात धरला नव्हता, तो माणूस बर्फाने बधिर झालेल्या बोटांनी विमान बांधायला शिकला. पहिली दोन वर्षं ते धावपट्टीवरच नाक घासायचं. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून प्रीतमची जुनी उत्तरं शोधून तीच पुन्हा चिकटवायचा. ‘थँक्स ब्रो.’ ‘गुड आय, विल फिक्स.’ परदेशातली माणसं हसतमुख चित्रं पाठवायची. त्या फोनमध्ये प्रीतम जिवंत होता, चेष्टा करत होता, चुका दुरुस्त करत होता. विनेशला दिवसभरात तेवढाच काय तो सुखाचा वेळ मिळायचा.

आता ते संपणार होतं. पण ते संपेल ते संपेल, आई काय ऐकेल या भीतीने तो धावत होता.

घराच्या ओटीवर तिशीतला एक सडपातळ पोरगा प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसला होता. मांडीवर कागदाची लांब गुंडाळी. नीराबाई त्याच्या पायाशी जमिनीवर बसली होती आणि तिने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. दारात दिपाली उभी होती, हाताला बोंबलांचं पाणी तसंच.

“विन्या,” नीराबाई म्हणाली. तिचा आवाज विनेशने पाच वर्षांत असा ऐकला नव्हता. “ह्यो पालीचा पोर. बोलतंय, प्रीतम काल त्याचेशी बोलला. काल! कुठं हाय तो? मुंबईला हाय का? मना कोन काय सांगत न्हाय.”

“मावशी, फोनवर बोलणं नाही हो, लिहून,” कान्हा गोंधळून म्हणाला. “मी विचारलं घरी आहेत का, तर या रडायलाच लागल्या. तुम्ही त्यांचे मोठे भाऊ ना? प्रीतमदादा कुठे आहेत?”

विनेशला अजून खोटं बोलता आलं असतं. दुसरा कुणी प्रीतम असेल, याला चुकीचं घर सांगितलंय, असं म्हणून पोराला रस्त्याला लावता आलं असतं. पण आईने डोक्यावरचा पदर सारखा केला होता, जणू प्रीतम आता कोपऱ्यावरून वळेल आणि आपण नीट दिसायला हवं.

“आये, तो मीच व्हतो,” तो म्हणाला.

“तू कसा? नाव त्याचा हाय.”

“त्याचे फोनवरना मीच लिवतंय. पयल्यापासून.”

नीराबाईने कान्हाचं मनगट सोडलं नाही. ती एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. समजलं ते दिपालीला.

“पाच वर्सा?” ती म्हणाली. “मी त्याचा फोन मांगितला, तवा तुमी बोललाव, बंद पडला. मना त्याचे चार शब्द वाचायचे व्हते, भावजी. नि तुमी त्याचे नावाना लोकांशी हसत बसलाव?”

कान्हाचा चेहरा पांढरा पडला. ज्याच्याशी आपण पाच वर्षं गप्पा मारल्या तो मेलेला होता, हे त्याला आता कळत होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने गुंडाळी उलगडली. झेरॉक्सच्या दुकानातच छापलेलं, कॅलेंडरएवढं रंगीत चित्र होतं. निळ्या पाण्यावरून उडणारं हडसन, आणि खाली ठळक अक्षरांत प्रीतमचं नाव.

“मी हे द्यायला आलो होतो,” तो म्हणाला. “आणि एक विचारायचं होतं. म्हणजे, आता कसं विचारू. पण आम्ही सगळे किती भांडलो तुमच्याशी त्यावरून. बाकी विमान तंतोतंत खरं. मग उजव्या कुशीला दार का बसवलंत? हडसनचं दार डावीकडे असतं. नकाशात नाही, फोटोत नाही. सगळ्यांनी सांगितलं काढा, तुम्ही हट्टाने ठेवलंत.”

“कसला दार?” दिपालीने विचारलं.

विनेश ओटीच्या पायरीवर मटकन बसला.

“त्या विमानाची डावी कूस गाळात रुतलेली हाय,” तो हळूच म्हणाला. “म्हातारे तांडेल सांगायचे, एक पंख वर हाय, त्यालाच जाळा अडकता. म्हंजे खरा दार गाळाखाली. आतला मानूस भायेर येल कुठून?”

खुराड्यात कोंबड्या पत्र्याला चोची मारत होत्या.

“प्रीतम त्या जाग्यावर गेलाच कसा?” दिपालीने विचारलं. आवाज चढला नव्हता, पण ती एक पायरी खाली आली. “तुमी बोललाव, पान्याचे ओढीना होडी नेली. पोलिसांना तसाच सांगितलाव. त्या दिवशी ओढ व्हती का, भावजी?”

पाच वर्षं विनेशच्या तोंडाला कुलूप होतं. त्या प्रश्नाने ते निघालं.

समुद्रात पाट्या नसतात. जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत धरून कोळी आपली जागा ओळखतो. विमानाची खूण लहानपणापासून पाठ होती. देवळाचा कळस जोडमाडाच्या मधोमध दिसला, की खाली विमान. कळस माडांच्या बाहेर राहिला, की जाळं खुशाल सोड. जोडमाड म्हणजे एकाच बुंध्यापाशी उगवलेले दोन नारळ. पण वादळाने किनाऱ्याच्या नारळीच्या वाड्या झोपवल्या, त्यात जोडमाडही गेला. सप्टेंबरात दोघे भाऊ नवं जाळं घेऊन निघाले. मोठ्या बोटींवरचं दिशा दाखवणारं यंत्र त्यांच्या होडीवर नव्हतं. सुकाणू विनेशच्या हातात. किनाऱ्याकडे पाहिलं तर उजाड पट्टीवर दोन माड शेजारी शेजारी उभे दिसले. कळस त्यांच्या चांगलाच बाहेर होता. त्याने जाळं सोडायला सांगितलं.

“प्रीतम बोलला व्हता,” विनेश म्हणाला. “दादा, ह्ये आपले माड न्हायत, आपला जोडमाड पडला, मी पडलेला बघितलाय. मी बोललो, तू नको शिकवू. तू तुझी विमाना उडव.”

जाळं अडकलं. नवंकोरं जाळं. ते कापून सोडून द्यायला विनेशचं मन होईना. प्रीतमने शर्ट काढला. तो चिडला नव्हता, उलट खूश होता. ज्याच्यासाठी एवढी वर्षं झुरला ते आता हाताला लागणार होतं. पहिली बुडी मारून वर आला तो हसतच. “दादा, लागला रं! पत्रा हाय, खिळे हाताना लागतात!” एवढं बोलून तो होडीच्या उजव्या अंगाने पुन्हा खाली गेला. मग जाळ्याच्या दोरीला दोन हिसके बसले. विनेशला वाटलं, तो जाळं सोडवतोय. त्याने दोरी ओढून धरली. प्रीतम सैल सोड म्हणत होता, हे तो वर आलाच नाही तेव्हा कळलं.

“मी दोरी ओढून धरली,” तो पुन्हा म्हणाला आणि रडायला लागला. पन्नाशीला आलेला दांडगा माणूस, परक्या पोरासमोर, तोंड उघडं टाकून रडत होता. त्याचं कुणी सांत्वन केलं नाही.

दिपाली आत गेली. कान्हा उठायला लागला, तेव्हा ती आतूनच म्हणाली, “जेवल्याबिगर जायचा न्हाय. दुपारचे वक्ताला आमचेकडना कोन उपाशी जात न्हाय.” थोड्या वेळाने तिने भात आणि बोंबलाच्या कालवणाची ताटं आणून ओटीवर मांडली. कान्हाचं, सासूचं आणि स्वतःचं. तीनच. वाकून वाढताना तिचा गळा मोकळा दिसला. नीराबाईने तो पाहिला, आणि या वेळी ती ‘देह दावा’ म्हणाली नाही.

कान्हाने चार घास कसेबसे गिळले. जाताना त्याने विनेशपाशी थांबून विचारलं, “बाकीच्यांना मी सांगू का? खेळातल्या?”

“सांग,” विनेश म्हणाला. “नाव त्याचाच ऱ्हाऊ दे. मी फक्त शेपूट लावली.”

मोटरसायकलचा आवाज वळणावर विरला. दिपाली ताटं उचलून मागच्या दारी गेली, आणि बराच वेळ नुसत्या पाण्याचा आवाज येत राहिला. नीराबाईचं ताट तसंच होतं. मांडीवर ते चित्र घेऊन ती विमानाच्या पोटावर बोट फिरवत होती. चित्र डाव्या बाजूने काढलेलं होतं.

“ह्यात न्हाय तो दार,” ती म्हणाली. “दाव मना.”

विनेशने फोन काढला. करड्या धावपट्टीवर हडसन उभं होतं. त्याने ते फिरवून उजवी कूस पुढे आणली आणि एक कळ दाबली. पत्र्याचा चौकोन सावकाश बाहेर उघडला. आत काळोख होता.

नीराबाईने फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

“ह्यातून मानूस येल भायेर?”

“येल, आये.”

“प्रीतम खांद्याना रुंद हाय.”

“त्याचेच मापाचा केलाय.”

तिने मान हलवली. विनेशने दार मिटायला हात पुढे केला, तर तिने फोन छातीशी ओढला. “उघडाच ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता. मग ती समुद्राकडे तोंड करून बसली. मधून मधून पडदा काळा व्हायला लागायचा, आणि म्हातारी घाईघाईने बोट लावून तो पुन्हा उजळायची.