तुळशीतल्या झिणझिण्या

आक्काबाईंचे गुडघे जिना चढताना सुपारी फुटल्यासारखे वाजायचे. म्हणून रंगनाथनानांनी पुण्याहून गरम पाण्याचा टब आणला आणि राहुरीजवळच्या मळ्यात, बंगल्याच्या मागच्या अंगणात ठेवला. चार माणसं मावतील एवढा, खालून बुडबुडे सोडणारा. बायकोच्या गुडघ्यांना शेक मिळावा, एवढीच नानांची इच्छा. आक्काबाईंनी वाकून पाहिलं आणि ह्यात म्हशीनं बसावं म्हणाल्या.

जोडणीला सहादेव वायरमन आला. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी त्यानंच जोडलेल्या, आणि टब म्हणजे त्याच्या मते आडवी पडलेली मोटारच. माहितीचं पुस्तक त्यानं बुडाखाली घेतलं. टबासोबत आलेला सेफ्टीचा स्विच बसवला, तर तो खटकन पडला. चढवला, परत पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर सहादेवनं तो खिशात टाकला आणि लाइन डायरेक्ट केली. मोटारीला आमच्याकडं असंच करतात. राहिलं अर्थिंग. त्याला जमीन ओली लागते, आणि खड्डा कोण खणणार? आक्काबाई रोज तुळशीला तांब्याभर पाणी घालतात, हे त्याच्या ध्यानात आलं. सळई तुळशीत ठोकली, उरलेली तार वृंदावनाला गुंडाळली. दिसायलाही झोकात.

दुसऱ्या दिवशी सकाळी टब तापत ठेवलेला. आक्काबाईंनी अनवाणी, ओल्या हातानं तुळशीला नमस्कार केला, तर अंगातून झिणझिण्या गेल्या. त्यांनी डोळे मिटून परत हात लावला. परत झिणझिण्या. तुळस जागृत झाल्याची बातमी चहाच्या आत वस्तीभर झाली. दुपारी अकरा बायका रांगेत. एकीची कंबर मोकळी झाली, एकीचा खांदा. आक्काबाईंचे गुडघे तर निम्मे बरे, आता टब कशाला, असं त्यांनी नानांना सांगूनच टाकलं.

सून रेश्मा शाळेत विज्ञान शिकवते. तिनं घरी आल्या आल्या तारेला टेस्टर लावला. दिवा पेटला. तिनं आधी मेन पाडला, मग सहादेवला बोलावलं. स्विच सारखा पडायचा म्हणून खिशात टाकला, आणि थोडा करंट अंगाला चांगलाच असतो, असं तो समजावू लागला.

"सहादेवभाऊ, तो स्विच का पडत होता?"

"लई नाजूक हाय तो, वहिनी."

"हीटर फुटलाय. करंट पाण्यात उतरतोय, हे तो ओरडून सांगत होता आणि तुम्ही त्याला खिशात घातलं. आज आत्या टबात बसल्या असत्या तर?"

नाना पायरीवर खालीच बसले.

तीन दिवसांत हीटर बदलला, अर्थिंगला लांब वेगळा खड्डा खणला, नवा सेफ्टी स्विच बसला आणि पडला नाही. तुळस मात्र गप्प झाली. बायका सुनेला नावं ठेवत घरी गेल्या. आक्काबाईंचे गुडघे संध्याकाळी परत वाजू लागले.

नाना टबात बसण्यासाठी त्यांना विनवू लागले.

"मी न्हाई," आक्काबाई म्हणाल्या. "आदी ज्यानं जोडलं, त्यो बसंल."

सहादेव बनियन-चड्डीवर टबात उतरला. दोन्ही हात वर, पोलिसांनी पकडल्यासारखा. नानांनी बटण दाबलं. खालून बुडबुडे सुटले, आणि त्यानं अशी किंकाळी फोडली की रेश्मानं धावत जाऊन मेन पाडला.

सहादेवनं हळूच एक डोळा उघडला.

"करंट न्हवता, वहिनी. गुदगुल्या हुत्या."

आक्काबाईंनी खुर्ची ओढून टबाशेजारी मांडली. "मंग अजून अर्धा तास बस. मी बघते."

रेश्मानं मेन परत चढवला. अर्ध्या तासानं सहादेव जिवंत आणि बराच गोरा होऊन बाहेर आला. आक्काबाईंनी टबातलं पाणी बदलायला लावलं, सगळ्या गडीमाणसांना अंगणाबाहेर घालवलं आणि पदर खोचला.