एक्केचाळीस शब्द

"एक्केचाळीस शब्द जास्त होतायत, मॉम. सहाशे पन्नासच्या वर तो फॉर्म घेतच नाही," ब्रेना लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाली.

लॉरेन हात पुसत तिच्याशेजारी बसली. अमेरिकेतल्या सँडस्की गावात एका दंतवैद्याकडे ती वीस वर्षं रोग्यांना वेळा देत होती. कॉलेजची पायरी तिने कधी चढली नव्हती, म्हणून लेकीच्या प्रवेशअर्जातल्या निबंधाचा तिने ध्यासच घेतला होता. ब्रेनाला आपल्या डोनटच्या दुकानातल्या नोकरीवर लिहायचं होतं. "डोनटचं कोण वाचतंय? कोडीवर लिही," हा हट्ट लॉरेनचाच. चार वर्षांपूर्वी गोठलेल्या सरोवरावरचा बर्फ फुटून तिचा मुलगा कोडी बुडून गेला होता. त्याचं नाव असं वापरताना तिची तिलाच लाज वाटली होती; पण पोरीचं भलं होणार होतं ना!

"आता कुठलं काढू ते तूच सांग. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, निबंध माझ्यावर हवा, भावावर नको."

"त्याच्या मासेमारीच्या टोपीचं काढ."

"काढलं. अजून सव्वीस."

"शिट्टी वाजवत जिना उतरायचा, ते?"

"ते मला आवडतं गं."

"मलाही आवडतं. पण त्यात तू कुठे आहेस?"

ब्रेनाने तेही काढलं. "चौदा राहिले. आता तो तुला 'बॉस' म्हणून हाक मारायचा, तेवढंच उरलंय. राहू दे?"

"कॉलेजला माझ्याशी काय करायचंय? काढ."

"एकदा वाचू?"

"नको. वाचलंस तर माझ्याच्याने काढवणार नाही."

बरोबर सहाशे पन्नास झाले. 'मी तेरा वर्षांची असताना माझा भाऊ गेला,' एवढ्या एका वाक्यात कोडी उरला होता. पुढे सगळं ब्रेना कशी खंबीर झाली त्याचं. निबंध छानच उतरला होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं वाटून लॉरेनला भडभडून आलं.

"पाठवू?"

"पाठव."

ब्रेनाने बटण दाबलं. लॉरेन पडद्याकडे बघतच राहिली.

"ती काढलेली वाक्यं कुठे जातात गं?"

"कुठे नाही, मॉम. पुसली जातात."